अभ्यासिकेतल्या देवीनं डोळे वटारले

छोट्या पडद्यात

डोळे. दोन, चांदीचे, एकेक पुरीएवढा. मध्ये शेंदरी नाक. बस. कपाळ नाही, मुकुट नाही, पाय नाहीत. पडद्यात मावलं तेवढंच.

गोष्टही सध्या तेवढीच दिसते आहे, चालवून घ्या.

करवंदवाडीच्या अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. धसईच्या बाजारातून परतलेल्या बाया भाजीच्या रिकाम्या पाट्यांसकट आत घुसल्या होत्या. कुणीतरी कोंबडी आणली होती. कोंबडीनं टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, देवीनं कोंबडीकडे पाहिलं, आणि कोंबडीनं भर दर्शनात अंडं घातलं. तोही चमत्कार धरला गेला.

दारात पंढरी उभा. हा कल्याणला कामाला जातो, पण आज खाडा करून व्यवस्था बघत होता.

"लाइन, लाइन! फास्ट दर्शन इकडनं, स्लो दर्शन तिकडनं!"

"फरक काय रे पंढऱ्या?"

"स्लोवाल्यांकडं देवी जास्त टाइम बघते."

सगळे फास्टच्या रांगेत गेले.

आणि टेबलामागे हरेश भगत. कपाळभर भंडारा, खांद्यावर लाल फडकं.

"परवापरवापर्यंत देवी कशी होती? येवढीशी! आज कशी? येवढी! उद्या पडदा फाडून भायेर येल! पिक्सलापिक्सलात जीव आलाय. तुमाला वाटतं देवी वाढली. नाय! देवी फुगली! कोपलीय ती!"

"शांत कर रे बाबा," गर्दी म्हणाली.

"डोळे मिटा. उघडाल तर बुबळं जातील."

सगळ्यांनी डोळे मिटले. हरेशनं फडकं डोक्यावरून ओढलं, त्याखाली पडदा घेतला, कीबोर्ड घेतला, जुन्या फोटोवाल्यासारखा आत गडप झाला. यंत्र बंद झालं, पुन्हा गुरगुरलं.

"बूट भवानी! रिबूट भवानी! वाय-फाय विनाशिनी! खालती ये, खालती ये, एंटर हो!"

फडकं उडालं. देवी येवढीशी! मुकुटापासून पायापर्यंत अख्खी. लोक जमिनीला टेकले. त्यांनी मान वर करेपर्यंत हरेशनं यंत्र बंद केलं.

"आता कुणी दुसरा चालू करून बघा."

पंढरीनं बटण दाबलं. सगळ्यांनी सवयीनं डोळे मिटले. उघडले, तर पुन्हा डोळे. पुरीएवढे.

"ही कायमची शांत हवी," हरेश म्हणाला, "तर भिमीनं वाडी सोडायची. नव्या तांदळाचं नवं व्हायच्या आत."

पडद्याबाहेर राहिलेलं

भिमी त्या खोलीतच होती. तुम्हाला दिसली नाही, कारण आपण देवीच्या डोळ्यांत बघत होतो. ती मागच्या भिंतीशी उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत मोकळी जागा कुणाला मिळते? ज्या बाईला भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, म्हटलं जातं, तिला.

भिमी एकटी बाई. नवरा वारला, लेक वीटभट्टीवर गेली ती तिकडेच नांदली. भिमी दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जाते, सकाळी गावदेवीचं अंगण झाडते आणि मग अभ्यासिका. रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली तिची झोपडी आहे. त्या जागेवर आपला मठ छान दिसेल, असं हरेश गेल्या दिवाळीपासून म्हणत होता. हे वाक्यही तेव्हा पडद्याबाहेरच राहिलं.

अभ्यासिकेतला कॉम्प्युटर कुठल्याशा कंपनीनं जुना झाला म्हणून देऊन टाकलेला. त्यात विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली. रंजिता, जी तिथे पोरांना शिकवायची, तिनं फोनवर काढलेला गावदेवीचा फोटो त्याच्या पडद्यावर लावला होता.

आणि भिमीनं एक चूक केली. या डोंगरात पहिली लोंबी देवीची. तिला वाहिल्याशिवाय नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नाही. भिमी कापणीवरून येताना हातात भाताच्या लोंब्या घेऊन आली. गावदेवीची शिळा टेकडीवर; सकाळी झाडायला एकदा चढून झालेलं, पुन्हा चढायचं तर गुडघे दुखत होते. समोर पडद्यावर देवी होतीच. तिनं लोंबी पडद्याच्या कडेला खोवली आणि नमस्कार केला.

त्याच दिवशी रंजितानं धसईहून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्राचं अपडेट केलं होतं. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं, तर देवीनं डोळे वटारलेले.

"शिळेच्या आधी स्क्रीनला लोंबी!" हरेश गरजला होता. "कुणी वायली? भिमीनं! म्हंजे देवी कुणी ओढून आणली टेकडीवरनं? भिमीनं!"

टेकडीवरची शिळा टेकडीवरच होती. झाडायला जाणारी भिमी सोडली तर बघायला कुणी गेलं नाही. गुडघे सगळ्यांचेच दुखतात.

फडक्याखाली

प्रमिलाबाई मुरबाडहून एसटीनं येतात आणि वाडीच्या शाळेत शिकवतात. त्या दिवशी त्या फास्टच्या रांगेतून आत आल्या.

"हरेश, देवीला शांत करायला फडकं लागतंच?"

"लागतंच, बाई. शास्त्र हाय."

"आणि मंत्र?"

"तर!"

"आणि कीबोर्ड?"

"कीबोर्डचं काय? तो आपला असतो तिथं."

"मग नसला तरी चालेल."

"देवीला येवढ्या तेवढ्याचं काय!" भरल्या गर्दीत दुसरं काय बोलणार?

बाईंनी यंत्रामागे हात घातला आणि कीबोर्डची वायर उपटली.

"घे. फडकं घे, मंत्र घे. सगळं तुझंच."

रंजिता पुटपुटली, "बाई, तुमाला येतं का यातलं?"

"मला काही येत नाही गं. पण वर्गात दिवा पेटत नसला तर आपण काय करतो? एकेक वस्तू काढून बघतो."

हरेश फडक्याखाली गेला. मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला, मोठ्यानं. "खालती ये" इतक्या वेळा म्हणाला की कोंबडी खाली उतरली. फडकं उडालं.

डोळे. पुरीएवढे.

"रुसली," हरेश म्हणाला. घाम भंडाऱ्यातून वाट काढत होता. "भिमी हाय ना आत! भिमीला भायेर काढा!"

गर्दीतले दोघे पुढे झाले, भिमीच्या दंडाला धरलं.

"काढा बाहेर," बाई म्हणाल्या.

भिमीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते बघणं या गोष्टीत मावत नाही.

"बाहेर काढा, आणि याला पुन्हा करू द्या. कीबोर्ड न लावता."

भिमी अंगणात. हरेश फडक्याखाली. मंत्र. फडकं.

डोळे.

"पंढरी," बाई म्हणाल्या, "भिमी गेली तरी देवी मोठीच. वायर काढली की मोठीच. आता सांग, देवी कशामुळे लहान व्हायची? मंत्रामुळे की वायरीमुळे?"

पंढरी डोकं खाजवत म्हणाला, "बाई, सिग्नल वायरीत हाय."

"भिमीला आत आणा. खुर्चीवर बसवा."

पूर्ण पडद्यात

बाईंनी यंत्र बंद केलं, कीबोर्ड लावला. फडकं घेऊन त्याची घडी केली आणि ती कोंबडीच्या अंड्याखाली ठेवली.

"आता यंत्र सुरू होईल. यावेळी डोळे उघडे ठेवायचे."

"बुबळं जातील!" हरेश ओरडला.

"आधी माझी जातील. बघत राहा."

पडदा काळा झाला. त्यावर इंग्रजीत ओळी आल्या. त्या रोजच यायच्या. रोजच सगळे नेमके तेव्हा डोळे मिटून असायचे.

रंजिता वाचू लागली. "बाई, वरची नव्या अपडेटची. काय दाबलं नाय तर तीच चालते. खाली जुनी पण हाय."

"भिमीबाई, खालचा बाण दाबा. हा."

"मी? माझा हात लागला म्हणून तर..."

"म्हणूनच."

भिमीनं बोट पदराला पुसलं. बाण दाबला. उजळलेली पट्टी एक ओळ खाली सरकली आणि गर्दीतून हुंकार निघाला. रंजितानं दाखवलं तसं तिनं एंटर दाबलं, पुढच्या यादीत पुन्हा बाण आणि पुन्हा एंटर.

देवी आली. येवढीशी. अख्खी.

झालं होतं ते एवढंच. लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ आज्ञावली, आणि पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड यांची भाषा वेगळी. मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं गाभा नवा आला, दुभाषी जुन्यापाशीच राहिला. मग नव्या गाभ्यानं कार्डाशी खाणाखुणा करून जेमतेम छोटा पडदा उभा केला. फोटो मूळ मापातच मधोमध लावलेला, त्यामुळे त्याचा नाकाडोळ्यांपुरता तुकडा त्यात मावला आणि स्क्रीनभर ताणला गेला. जुना गाभा निवडला की दुभाषी हजर. हरेश कल्याणला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. बाण आणि एंटर, बाकी भवानी.

"मग सांगितलंस का नाय रे?" पंढरीनं विचारलं.

हरेश म्हणाला, "सांगितलं असतं तर रांग लागली असती का?"

वाडीत त्यानं बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

भिमी मात्र पडद्याकडे वाकून बघत होती. देवीकडे नाही, खाली, अगदी कोपऱ्यात.

"रंजिते, ही खराटा घेतलेली कोण गो?"

रंजितानं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. देवीच्या पायाशी, अंगणात, पाठमोरी, कमरेत वाकलेली.

"तूच की. फोटो काढताना मी म्हटलं बाजूला हो. तू म्हणालीस, आधी झाडून होऊ दे."

हा फोटो महिनाभर तिथेच होता. जे दंडाला धरायला पुढे झाले होते, ते आता मागच्या भिंतीशी सरकले.

धसईला

नवा दुभाषी आणायला इंटरनेट हवं आणि वाडीत रेंज नाही. देवीला यंत्रातून परत टेकडीवर न्यायला हरेशनं पालखी सजवून घेतली होती. ती वाया कशाला घालवा? पालखीत कॉम्प्युटर बसला, झेंडूंसकट, आणि धसईच्या बाजारात गेला. वाटेत लोक हात जोडत होते. पंढरी ओरडत होता, "नमस्कार नको, ड्रायव्हर हाय ड्रायव्हर!" रस्त्यावरचा एक टेम्पोवाला त्यावर बराच वेळ विचारात पडला. दुकानात ड्रायव्हर बसवला, यंत्र नव्या गाभ्यावर चालू केलं. देवी येवढीशीच राहिली. कुणी मंत्र म्हटला नाही.

परतल्यावर भिमी गुडघे धरत टेकडी चढली, लोंबी वाहिली आणि मोहाखालच्या आपल्या झोपडीत नवा तांदूळ शिजवला.

देव माना, नका मानू. ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याचं फडकं घडी करून बाजूला ठेवा आणि डोळे मिटा म्हणाला की नेमके तेव्हाच उघडा. कुणा बाईकडे बोट दाखवायला लागला, तर आधी त्याचं दुसरं बोट कुठल्या बटणावर आहे ते बघा. आणि चित्र फारच मोठं दिसायला लागलं, तर कोपऱ्यातून कोण कापलं गेलंय, ते विचारा.