उसनी चाल

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि दुपारी मैदानात दंडार होते. गाणी, नाच, मधूनमधून हसवणारी गंमत. बायांचे वेशही पुरुषच घेतात. करडी गावच्या दंडारीत कुंदन मिसरूड फुटायच्या आधीपासून ढोलकी वाजवत होता.

त्याचा डावा पाय पोलिओने बारीक राहिला होता. चालताना तो हाताने गुडघा दाबायचा, अंग एका बाजूला झुकायचं आणि मग उजवा पाय पुढे यायचा. पण गावात कोणी त्याला त्यावरून काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो चक्कीवाला कुंदन होता, ढोलकीवाला कुंदन होता. धान्याचे डबे तो स्वतः उचलायचा, पोरगी रेणूला शाळेतून स्वतः आणायचा. पायाचा विचार करायला त्याला वेळच नसायचा.

अंकुश त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दंडारीतली मोठी कामं त्याच्याकडेच असायची. मंडईच्या थोडं आधी, चक्कीवर गर्दी नव्हती तेव्हा तो आला आणि पोत्यावर बसला.

"यंदा भोजराजदादानं नवीन बसवलं," तो म्हणाला. भोजराज दंडारीचा म्होरक्या होता. "मले शिपायाचं काम हाये. लढाईत पायाले गोळी लागते त्याच्या. घरी येते त मायच वळखत नाई त्याले."

"चांगलं हाये."

"चाल जमत नाई ना पन. नुसता लंगडलो त खोटं वाटते. तू दाखवशीन का?"

कुंदनने चक्की बंद केली. त्याच्या चालण्याबद्दल आजवर कोणी त्याला काही विचारलं नव्हतं. "मंग मीच करतो ना शिपाई," तो हसत म्हणाला, पण ते सगळंच हसण्यावारी नव्हतं.

"अन ढोलकी कोन वाजवन?"

तेही खरं होतं.

मग अंकुश रोज येऊ लागला. चक्कीच्या मागच्या अंगणात कुंदन त्याला चालून दाखवायचा. भार कधी पडतो, हात गुडघ्यावर पायाच्या आधी कसा जातो, बांधावर चिखल असला की काय करावं लागतं. अंकुश मागे मागे चालायचा.

"पाय फेकू नोको," कुंदन सांगायचा. "तो परका नाई ना गा. आपलाच हाये, फक्त उशिरा येते."

बोलता बोलता त्याने बायकोलाही न सांगितलेलं सांगून टाकलं. संध्याकाळी पोटरीत कळ येते. कुठेही उभं राहायच्या आधी नजर पहिल्यांदा धरायला जागा शोधते, भिंत, खांब, कोणाचा तरी खांदा. गर्दीत पडायची भीती वाटते. अंकुश मान हलवत ऐकत होता. त्या दिवशी कुंदन घरी गेला तो गुणगुणत.

"का झालं आज?" त्याच्या बायकोने, रक्षाने विचारलं.

"अंकुश मोठं काम करून राहिला यंदा," तो म्हणाला. "पायजो तू."

तालमीला मात्र त्याला गाण्यांपुरतंच बोलावलं. बाकीचं भोजराजच्या घरच्या सपरीत, ओसरीवर चालायचं. "तू दिवसभर चक्कीवर थकतोस," अंकुश म्हणाला, आणि कुंदनला ते मित्राच्या काळजीचं वाटलं.

मंडईच्या दिवशी मैदान भरून गेलं. सुरुवातीची गाणी रंगली. भोजराज वाकून कुंदनच्या कानाशी आला. "आता अंकुश येईन. त्याचा पाय पडला का धा देजो, मंग तक. धा-तक, धा-तक. सोडू नोको."

शिपायाची चाल असेल म्हणून कुंदन सरसावून बसला.

अंकुश आला तो डोक्याला बाशिंग बांधून, गालाला लाली लावून. शिपाई कुठेच नव्हता. लंगडा नवरदेव लग्नाला निघाला होता. हात गुडघ्यावर गेला, अंग झुकलं, पाय उशिरा आला. एकही चूक नव्हती. कुंदनची बोटं केव्हाच ढोलकीवर पडली होती. धा-तक. धा-तक.

सगळं मैदान हसलं.

काय चाललंय हे डोक्यात शिरेपर्यंत कुंदनचे हात वाजवतच होते. समोर त्याची चुलती मनकर्णाबाई पदराने डोळे पुसत हसत होती. गावातलाच धनीराम शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. पुढच्या रांगेत रेणू मैत्रिणींबरोबर टाळ्या वाजवत होती. मग शेजारच्या पोरीने तिला कोपर मारलं, कुंदनकडे बोट केलं, आणि रेणूचे हात थांबले.

नवरदेव मांडवात पोचला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि लुगडं नेसलेल्या सासूची कंबर धरली. "सासूबाई, रागावू नोका," अंकुश गळा काढून म्हणाला, "मी उभा रायच्या आंधी धराले जागा पायतो."

लोक हसून हसून वाकले. कुंदनने ढोलकीवरचे हात उचलले.

ताल तुटला तसा अंकुशचा पाय अडखळला. "वाजव ना गा," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

कुंदनने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि तो उठला. वाजवणारे बसले होते त्याच्या मागे पडदा होता, तिन्ही बाजूंना माणसं होती. बाहेर जायला वाट एकच, मैदानाच्या मधून. त्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि तो चालू लागला.

"दुसरा नवरदेव आला," कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. लोकांना वाटलं, हेही गंमतीतलंच आहे. अख्खं मैदान पार करेपर्यंत ते हसणं त्याच्या सोबत चाललं.

दिवस मावळताना अंकुश आणि भोजराज घरी आले. रक्षाने दोघांकडे पाहिलं आणि ती आत गेली. चहा काही बाहेर आला नाही.

"तुयावर नोहोतं ते, कुंदन," अंकुश म्हणाला.

"मंग कोनावर होतं?"

अंकुशने भोजराजकडे पाहिलं.

"तू शिपाई म्हनला होतास मले."

"शिपाई कोन पायते गा मंडईत? लोकाईले हासाले पायजे. अन खरं सांगतलं असतं त तू शिकवलं नसतं."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. कुंदन म्हणाला, "उभा रायच्या आंधी धराले जागा पायतो, हे मी तुले एकट्याले सांगतलं होतं."

"त मी का तुयं नाव घेतलं?"

भोजराजने खाकरून विषय बदलला. तुमसरकडच्या दोन मंडयांचं बोलावणं आलं होतं, लोकांना नवरदेवच पाहिजे होता. "तुया ढोलकीशिवाय मजा नाई. राग धरू नोको. आमाले वाटलं, तुले चालन. तू कधी पायाचं मनाले लावून घेतोस का?"

"कोनी लावूच देल्लं नोहोतं आजवर," कुंदन म्हणाला. "जा तुमी."

ते गेले. त्या मंडयांत ढोलकीवर बंटी नावाचा दुसरा पोरगा बसला. गंमत गाजली, तिचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला, आणि जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका ओळखीच्याने तो कौतुकाने कुंदनलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, तुझ्या गावचा कलाकार.

गावातून चालताना आता पोट्टे मागून धा-तक, धा-तक करायचे. त्याचं त्याला एवढं लागत नव्हतं. पोट्टेच ते. लागायचं ते मोठ्यांचं. मनकर्णाबाई दळण घेऊन आली आणि डबा त्याच्या हातून काढून घेत म्हणाली, "राहू दे बाबू, मी ठेवीन. तुले तरास." वर्षानुवर्षं तिचा डबा त्यानेच उचलला होता. धनीरामने तर एकदा पायाकडे बघत विचारलं, "लय दुखते का गा? कधीपासून हाये असा?" धनीराम शाळेत त्याच्याच वर्गात होता.

पाय होता तसाच होता. गावाने मात्र तो त्या दुपारी नव्याने पाहिला होता, आणि पाहायला शिकवलं होतं अंकुशने, कुंदनकडून शिकून. रात्री पोटरीत कळ आली तरी तो आता रक्षासमोर तोंड वाकडं करत नसे. ती तेल गरम करून आणायची, तो नको म्हणायचा.

सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली. कुंदन नेहमीसारखा फाटकाशी जाऊन उभा राहिला. पोरींचा घोळका बाहेर आला. रेणूने त्याला पाहिलं आणि ती दप्तरात काहीतरी शोधत मागेच थांबली. सगळ्या पोरी वळणापलीकडे गेल्यावर ती आली.

दोघं चालू लागली. दोन्हीकडे कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते.

"बाबा," मग ती खाली बघत म्हणाली, "उद्या आई येईन का मले घ्याले?"

"काहून?"

ती चपलेने रस्त्यावरचा खडा पुढे ढकलत राहिली. कुंदनला उत्तर माहीत होतं. मैदानावरच्या कोणाचाही आला नव्हता एवढा राग त्याला त्या क्षणी या लहानशा पोरीचा आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली.

"नाई," तो म्हणाला. "मीच येईन. रोज."

रेणूने मान हलवली. मग ती भरभर पावलं उचलत थोडी पुढे गेली आणि तशीच पुढे चालत राहिली. त्याने तिला हाक मारली नाही. गुडघ्यावर हात ठेवून, आपल्या चालीने तो मागून येत राहिला.