वॉरंटवर न उमटलेला ठसा

मी एक जुना पितळी शिक्का आहे. बेंगळुरूच्या एका न्यायालयात, टेबलाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. संगणक आला तेव्हा आता आपली गच्छंती होणार असे वाटले होते. पण अटकेच्या वॉरंटला न्यायाधीशांच्या सहीबरोबर माझा ठसा अजून लागतोच. याचा मला थोडा तोरा आहे, हे कबूल करतो.

मित्रांनो, वॉरंट नुसते मागून मिळत नाही. पोलीस किंवा वकील अर्ज करतात, कारण सांगतात. न्यायाधीशांना पटले तरच ते सही करतात. मग कागद आमच्या कारकून सुप्रीताअक्कांकडे येतो. त्या निपाणीकडच्या. ठसा मारण्याआधी जुन्या समन्सची मागची बाजू, म्हणजे समन्स पोचवायला गेलेल्याचा शेरा, वाचायची, ही त्यांची सवय. त्यांच्या या संथपणाचा मला फार राग यायचा.

मागच्या महिन्यात सूर्यकांत नावाच्या शिंप्याचे वॉरंट आले. त्याच्या स्कूटरचा एका रिक्षाला धक्का लागला होता. दोनदा समन्स काढूनही माणूस तोंड चुकवतोय, असे वकिलांनी सांगितले होते. सही झाली होती. माझा ठसा पडला की पोलीस त्याला शिवाजीनगरच्या दुकानातून गिऱ्हाइकांदेखत उचलणार होते. मी शाई लावून तयार होतो.

अक्कांचा हात थांबला.

"मागे लिहिलंय, असा कोणी इथे राहत नाही. कसा राहील? तक्रारीत पत्ता बनशंकरी थर्ड स्टेजचा आहे, समन्स सेकंड स्टेजला गेलंय. क्रॉसच्या गल्लीचा नंबर तोच, घर नंबर तोच."

त्या कागद घेऊन तडक न्यायाधीशांपुढे गेल्या. त्यांनी वॉरंट रद्द केले आणि खऱ्या पत्त्यावर नवे समन्स काढायला सांगितले. त्या समन्सवर उमटलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तारखेला सूर्यकांत सकाळीच हजर झाला.

"अक्का, मला आत तर नेणार नाहीत ना?"

"समन्स मिळालं आणि तुम्ही आलात. मग कशाला नेतील? स्वल्प बसा, अण्णा, थोडाच वेळ. नाव पुकारतील."

घाम पुसत तो बाकावर बसला. दुपारी दुकान उघडायला गेलासुद्धा.

मित्रांनो, माझे पितळ घासले नाही, दांडा सैल झाला, तरी मी कुरकुरणार नाही. पण मला टेकवण्याआधी कागद उलटून पाहत जा. आजवर हजारो कागदांवर उमटलो, तरी आठवतो तो एकच, ज्याच्यावर मी उमटलो नाही.