वल्ह्याची हाक

त्या सकाळी तळेवाले काका चक्क लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उभे, आणि वल्हीला वाटलं, चला, आपलं काम झालं.

वल्ही म्हणजे मामाची भाची. खरं नाव घरातलेही विसरत चाललेत, कारण ही झोपेतसुद्धा हातात वल्हं धरून असणार याची सगळ्यांना खात्री. कयाक मामाच्या, चालवायची ही. लोकांना बसवायचं, नदीवरून फिरवायचं, पक्षीप्राणी दाखवायचे. नदी झऱ्याची. वरच्या डोहात पाणी जमिनीतूनच उसळतं, तळाची वाळू सारखी नाचत असते, आणि पुढे ते इतकं नितळ वाहतं की आपण हवेतच बसलोय असं वाटतं आणि खालून कासव आपल्याच तंद्रीत चाललेलं दिसतं.

पण लोक काय कासवासाठी येतात होय? येतात पाणमांजरासाठी. आणि मामाचा नियम असा की दिसलं तर दिसलं. "नदी आपली नोकर नाही," म्हणायचा. लोक हिरमुसून परत जायचे आणि ते वल्हीला बघवायचं नाही. मग तिनं गुपचूप एक युक्ती काढली. मामा दिसेनासा झाला की वल्ह्यानं कयाकच्या कडेवर वाजवायचं, ठक-ठक, जरा थांबून ठक, आणि एक मासळी टाकायची. आधी कुणी येईना. मग एक मादी लांबून बघायला लागली. मग जवळ आली. आणि हल्ली तर पिल्लूही घेऊन यायची. मामाला काय, वाटायचं भाचीचा पायगुण.

आता हे तळेवाले काका. नदीच्या वरच्या अंगाला यांची मासे वाढवायची तळी. फाटक्या जाळीतून पाणमांजर आत शिरायचं नि ताव मारायचं. जाळी शिवायचं यांना सुचेना; चहाच्या टपरीवर मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "दिसू दे एकदा, तिथंच संपवतो." तेव्हापासून वल्हीच्या जिवाला घोर. कसंही करून मादीला वाचवायचं होतं. म्हणून हिनंच त्यांच्या मागे लागून लागून त्यांना बोलावलं. एकदा पिल्लू जवळून बघितलं की माणूस विरघळणारच, नाही का?

"हा आणि पाण्यात?" मामा कानात कुजबुजला. "गंजेल की गं."

"गप रे मामा."

निघाले. धुकं पाण्यावरून सरकत होतं. खंड्या डोळ्यांसमोर सूर मारून गेला, पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. वल्ही अखंड बोलतेय, आणि काका पुढच्या सीटवर ढिम्म.

"ते सगळं राहू दे पोरी. ती कुठंय?"

वेताच्या बेटाजवळ आल्यावर वल्हीनं वाजवलं. ठक-ठक. ठक. पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ आली आणि मिशाळ तोंड वर निघालं. मागून पिल्लू. मादीनं हातातून मासा घेतला, तोही अगदी हलक्या हातानं, आणि उताणी होऊन छातीवर ठेवून खाल्ला. वल्हीनं पिल्लावर पाणी उडवलं, तर ते गोल गोल फिरायला लागलं, त्यांचा नेहमीचा खेळ.

"बघितलंत काका? आता सांगा."

काकांनी मान वळवली. चेहऱ्यावर खरंच हसू होतं. "गुणाची आहे गं. नेहमी येते अशी?"

"वाजवलं की येतेच."

"आणि कुणीही वाजवलं तरी?"

"तिला काय कळतंय कोण ते," वल्ही कौतुकानं म्हणाली. म्हणजे, म्हणून बसली.

दुपारी ती धक्क्यावर कयाक धूत होती. समोर मामा बशीत चहा ओतत होता. इतक्यात वरच्या वळणाकडून आवाज आला. ठक-ठक. ठक.

हिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वाजवणारी ती एकटीच, आणि ती तर इथे.

"कुठं निघालीस?" मामा ओरडेपर्यंत तिनं कयाक ढकललेलीसुद्धा. प्रवाह अंगावर, दंडाला पेटके, तरी मारत सुटली. आवाज एकदा आला, पुन्हा आला, आणि मग आला नाही.

काका माशांना खाद्य टाकायच्या होडीत बसले होते. पायाशी ओल्या गोणपाटावर मादी होती, आणि तिच्याशेजारी पहार. छातीवर अर्धा खाल्लेला मासा तसाच.

"आली की लगेच," ते म्हणाले. रागानं नाही, टपरीवर बोलतात तसंच. "तू म्हणालीस तशीच. मी आपला वर्षभर उगाच जागरणं करत होतो."

वल्हीनं आजूबाजूचं पाणी धुंडाळलं. "पिल्लू?"

"ते बिचकलं. येईल उद्या. भुकेलं की कुठं जातंय."

तिनं कयाक वळवली आणि बेटाजवळ आली. वेतातून बारीक शीळ येत होती, थांबत होती, परत येत होती. पिल्लू आईला बोलावत होतं.

वल्हीनं काठावर उतरून ओंजळभर गोटे उचलले, कयाकमध्ये टाकले आणि वाजवलं. ठक-ठक. ठक.

पिल्लू सुसाट आलं. कडेवर दोन्ही पंजे ठेवून तिच्याकडे बघायला लागलं. तिनं वल्हं पाण्यावर दाणकन आपटलं. पिल्लाला वाटलं खेळ. ते गोल फिरून परत आलं. मग तिनं गोटा मारला. चुकला. चुकवलाच होता तिनं. पिल्लू पुन्हा पंजे टेकून उभं.

"जा ना रे," ती म्हणाली. मग दात आवळून दुसरा मारला, तो बसला. चिरकं ओरडून ते पाण्याखाली गेलं.

तिनं डोळे पुसले आणि परत वाजवलं. ते आलं, पण लांबच थांबलं. तिनं तिथंही मारलं. परत वाजवलं. आता नुसते वेत हलले. तिकडेही मारलं. ऊन उतरलं तरी हिचं चाललेलं, ठक-ठक, ठक, आणि मग गोटा. शेवटी ती वाजवत राहिली आणि पाणी नुसतं वाहत राहिलं. शीळही नाही.

दुसऱ्या दिवशी वळणाकडून आवाज आला. बराच वेळ येत होता. मामानं बशी खाली ठेवली. भाचीकडे बघितलं, नदीकडे बघितलं, आणि काय कळायचं ते त्याला कळलं.

कयाकमध्ये बसलेल्या बाई दुर्बीण पुसत म्हणाल्या, "इथं पाणमांजर हमखास दिसतं म्हणे?"

"नाही," वल्ही म्हणाली. "कासवं आहेत."