गुरुवार, साडेपाच: घरी कोण आहे?

हिवाळी मोसमाची कार्यक्रमपत्रिका करणं हे माझं काम. पुढचे तेरा आठवडे लोकांनी सार्वजनिक वाहिनीवर काय बघायचं, हे टेबलभर पसरलेल्या कागदावर मी शिसपेन्सिलीने ठरवते आणि श्रेय आमचे संचालक घेतात. माझी हरकत नाही. लोकांच्या शिव्यासुद्धा त्यांनाच पडतात.

या कागदावर एकही चौकोन रिकामा ठेवायचा नसतो, नाहीतर प्रक्षेपणाचं यंत्र अडून बसतं. म्हणून ज्या वेळेचं काही ठरलेलं नसतं, तिथे आम्ही मनाला येईल ते नाव लिहून ठेवतो. त्याला आमच्याकडे ‘खुंटी’ म्हणतात, पुढे काहीतरी टांगायचं म्हणून ठोकलेली. खुंटीवर चांदणी काढायची, हा एकच नियम. चांदणी दिसली की छपाईवाल्यांना कळतं, हे नाव खरं नाही. बावीस वर्षांत मी एकही चांदणी विसरले नव्हते. या वेळी विसरले.

गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. त्या चौकोनात मी लिहिलं होतं, ‘घरी कोण आहे?’

हे माझ्या आईचं वाक्य. ती नर्स होती. पाळी संपवून आली की स्वतःच्या किल्लीने दार उघडायची आणि दारातूनच हा प्रश्न विचारायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिचं वाक्य नेमकं त्या दिवशी माझ्या पेन्सिलीतून का उतरलं, ते मला विचारू नका.

पत्रिका छापून आली. निवेदिकेने मधात घोळवलेल्या आवाजात वाचलंसुद्धा, “या हिवाळ्यात, खास आपल्यासाठी, तेरा भागांची नवी कौटुंबिक मालिका!” मी कपाळाला हात लावला आणि संचालकांकडे गेले.

“छापून झालंय ना? मग राहू दे,” ते म्हणाले. “गुरुवारी साडेपाचला बघतंय कोण? नदी लावा.”

नदी म्हणजे आमची अडीनडीची फिल्म. अर्धा तास वाहतं पाणी, एक बगळा, संवाद शून्य. पहिल्या गुरुवारी मी स्वतः प्रक्षेपण कक्षात लंबूच्या शेजारी उभी राहिले. लंबू म्हणजे आमचा तंत्रज्ञ, त्याला दारातून वाकून यावं लागतं. नदी सुरू झाली, नदी संपली. बगळासुद्धा वेळेवर उडाला.

सोमवारी एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. या बाई आम्हाला दर आठवड्याला लिहितात आणि आमचं व्याकरण लाल शाईने तपासतात. ‘नवी मालिका आवडली,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘बाई दार उघडून येते, घरी कोण आहे विचारते. कुणीच ओ देत नाही. ती कोपरापर्यंत हात धुते आणि पुन्हा विचारते. याहून काही घडत नाही, तरी मला उठवेना. एक सूचना: पात्रांना नावे द्यावीत.’

कोपरापर्यंत, हे वाचलं आणि मी खुर्ची ओढून बसले. आमच्या घरात असे हात धुणारं एकच माणूस होतं.

“नदीच होती बाई,” लंबू म्हणाला. “तुम्ही माझ्या बाजूलाच होतात की.”

“मग ह्या बाई काय स्वप्नात बघतात?”

“बघू देत. स्वप्नाला कुठे आपला परवाना लागतो?”

पुढच्या आठवड्यात सात पत्रं आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात चाळीस. एकजात सगळ्यांना तीच बाई दिसत होती, एकालाही नदी नाही. चौथ्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि घरी गेले.

बाबांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढली होती, गुडघे पडद्याला टेकतील इतकी जवळ. आई गेल्यापासून त्यांना टीव्ही लावताना मी पाहिलं नव्हतं. मुलगी टीव्हीत नोकरीला आणि बाप रेडिओला कान लावून, असा आमचा संसार. मी बाजूला उभी राहिले. पडद्यावर नदी वाहत होती.

“काय बघताय?” मी विचारलं.

“तुझी आई,” बाबा म्हणाले. मान वळवली नाही. “हाका मारतेय बघ. कुणी ओ देत नाही तिला.”

“बाबा, नदी आहे ती.”

“तुला नदी दिसते?” आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कीव केली माझी. “बिचारी इतक्यांदा विचारते. जीव तुटतो. मीच ओ देऊ का?”

“नाही!” मी ओरडलेच. “कुणी ओ द्यायची नाही!”

बाबा दचकले. त्यांना वाटलं, मी भुताखेताला घाबरले. घाबरले तर होतेच, पण त्याहून जास्त मला राग आला होता. सगळ्या जगाला माझी आई दिसते आणि मला बगळा! हा कुठला न्याय? आणि न्यायाचा विचार मनात आला तशी मी गप्प झाले, कारण न्यायाचं नाव मी तरी घेऊ नये.

ती शेवटची संध्याकाळ गुरुवारचीच होती. सकाळी आई शेजारणीसमोर हसत म्हणाली होती, “माझी लेक सगळ्या जगाचं वेळापत्रक करते, फक्त स्वतः कधी वेळेवर घरी येत नाही.” मला ते झोंबलं. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले आणि आतल्या खोलीत दार लावून, फुगून बसले. साडेपाचला आई आली. तिने विचारलं, “घरी कोण आहे?” मी ऐकलं. हात धुऊन तिने पुन्हा विचारलं. तेही ऐकलं. म्हटलं, विचारू दे. मग ती माझ्या दारापर्यंत आली, थोडी थांबली आणि परत गेली. अर्ध्या तासाने मी बाहेर आले तेव्हा ती खुर्चीत बसली होती, मान एका बाजूला टाकून. बाबा बाजारातून आले तोवर मी डॉक्टरांना फोन केला होता. बाबांना सांगितलं, मी आत्ताच ऑफिसातून आले. ते थापेवर विश्वास ठेवणारे नव्हेत, पण माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. दोन वर्षं मी त्या विश्वासाचं खात होते.

पत्रं वाढत गेली. आठव्या भागात बाई स्वयंपाकघर बघून आली. दहाव्यात ती पडद्यासमोर उभी राहून नुसती बघत राहिली, आणि एका लहान मुलीने लिहिलं, ‘ती मला नाही, माझ्या मागे बघत होती.’ बाराव्या भागानंतर शिक्षिकेचं पत्र आलं. ‘बाई आता आतल्या खोलीच्या बंद दारापाशी उभी आहे. दाराखालून उजेड दिसतो. म्हणजे आत कुणीतरी आहे आणि जाणूनबुजून ओ देत नाही. हे माणूस कोण, ते तेराव्या भागात दाखवालच. आम्ही शेजारीपाजारी एकत्र बसून बघणार आहोत.’

शेजारीपाजाऱ्यांची मला पर्वा नव्हती. पण बाबा बघणार होते. दार उघडणार, आणि आत मी बसलेली दिसणार.

मी रबर घेतलं. ‘घरी कोण आहे?’ खोडलं आणि त्या चौकोनात प्रश्नमंजूषा लिहिली.

संचालक तणतणत आले. “डोकं ठिकाणावर आहे का? वसंताच्या पत्रिकेत तिला पहिल्या पानावर घ्यायचीय! पुढचे तेरा भाग मी वरपर्यंत कबूल केलेत!”

“तेरावा भागच तयार नाही, साहेब.”

“मग आधीचे बारा तरी कुठे तयार होते?” ते म्हणाले आणि म्हटल्यावर स्वतःच जरा पांढरे पडले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

त्या गुरुवारी मी पाचलाच घरी पोचले. बाबा खुर्चीत बसले होते, स्वच्छ दाढी करून. साडेपाचला टीव्हीवर प्रश्नमंजूषेचं संगीत वाजलं.

“आज ती नाही?” बाबांनी विचारलं.

“नाही. संपली मालिका.”

त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी कपडे बदलायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले. दिवा लावला. दाराला कडी घातली. सुटले, असं मनात म्हणाले. बाहेर कुणीतरी विचारत होतं, शरीरातलं सर्वांत लांब हाड कोणतं?

तेवढ्यात आमच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

“घरी कोण आहे?”

हा आवाज टीव्हीतला नव्हता. टीव्हीत मांडीचं हाड बरोबर आलं म्हणून टाळ्या वाजत होत्या. मग नळ सुरू झाला आणि बराच वेळ वाहत राहिला. नळ बंद झाला. पुन्हा तेच, “घरी कोण आहे?” पावलं स्वयंपाकघरात गेली, परत फिरली आणि माझ्या दारापाशी येऊन थांबली. दाराखालच्या उजेडात दोन पावलांच्या सावल्या पडल्या. मी कडी दोन्ही हातांनी धरून उभी होते. कुणी ढकलत नव्हतं, तरी सोडायची हिंमत होईना.

टीव्हीचा आवाज बंद झाला.

“ओ दे तिला,” बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता.

“बाबा...”

“तुझ्या चपला दारातच होत्या गं त्या दिवशी. पहिल्याच भागात दिसल्या मला.”

मला रडू फुटलं. म्हणजे बारा गुरुवार हा माणूस सगळं जाणून त्या खुर्चीत बसत होता, आणि रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेत होता.

“तिनेही बघितल्या होत्या चपला,” बाबा म्हणाले. “आत कोण आहे, ते तिला ठाऊक होतं. उगाच का तुझ्या दारापर्यंत आली?”

दारापलीकडे श्वास ऐकू येत होता, दिवसभर उभं राहून आलेल्या बाईचा. तिने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी हळू, थकून.

“मी आहे, आई,” मी म्हणाले. “मी घरीच होते.”

सावल्या हलल्या नाहीत.

“बरं,” आई म्हणाली. “मग आता बाहेर ये.”

मी कडी काढली.