शिंपिणीची टोपली

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी शिंप्याच्या घरात कॉम्प्युटर आला. लेक लांब दिलेली. नातवंडांचे फोटो तरी दिसतील म्हणून जावयाने आपला जुना पाठवून दिला. शिंपी त्याच्या वाटेला गेला नाही. शिंपिणीने मात्र त्याच्यापुढे ठाण मांडलं. पन्नाशी उलटल्यावर लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवलेली बाई ती. एका बोटाने एकेक अक्षर हुडकत जुळ्यांना पत्रं लिहायची. पाठवायची नव्हती, पोरं वाचायला लागली की त्यांनी वाचायची. शिंप्याने डोकावलं की म्हणायची, "तुमच्या नावाचं नाही. तुम्ही आपली काजं करा."

दुकानाची एक रीत होती. कापायच्या टेबलाखाली वेताची टोपली. कपडा शिवून, इस्त्री होऊन पुरा झाला की टोपलीत. अर्धवट असला तर टेबलावरच. चिंध्या कोपऱ्यातल्या गोणीत. त्यामुळे पडद्यावर टोपलीचं चित्र दिसल्यावर शिंपिणीने कुणाला काही विचारलं नाही. पत्र पुरं झालं की तिथं. "टाकलं टोपलीत," म्हणत उठायची.

यंदा जुळी वाचायला लागली. आजीची पत्रं पाठवा म्हणून लेकीचा फोन आला. शिंप्याने दोन वर्षांनी कॉम्प्युटर लावला, तर तो आतल्या आत कुरकुरत राहिला, पुढे सरकेना. शेवटी बाजारातल्या कॉम्प्युटरवालीला बोलावलं.

तिने पेटी उघडून दाखवली. आत एक तबकडी फिरते, तिच्यावर सुईसारखं काहीतरी चालतं, आणि ते आता थकलंय. त्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क बसवायची. तिच्यात फिरणारं काहीच नाही. मग आवाज यायचा नाही का, असं शिंप्याने विचारलं. अजिबात नाही, असं ती कौतुकाने म्हणाली. ती कुरकुर आणि शिंपिणीचं टकटक, दोन्ही त्याच्या कानात एकत्रच होतं.

नवी डिस्क लहान होती. बाईने आधी जुनीतला पसारा कमी केला, मग सगळं नवीत उतरवायला लावलं. तोवर शिंप्याने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या लावल्या. नंतर बटण दाबलं, तर कपाळावरचा चष्मा नाकावर येईपर्यंत पडदा उजळलाही. फोटो सगळे जागच्या जागी.

"टोपली उघडा," शिंपी म्हणाला.

टोपली रिकामी होती.

"तो कचरा होता, काका. गच्च भरला होता. आधी तोच काढून टाकला."

शिंप्याने टेबलाखालची वेताची टोपली पुढे ओढली. मग म्हणाला, "आमच्यात कचरा गोणीत जातो, ताई. टोपलीत तयार माल असतो."

बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचून पुन्हा खाली बसली. पुसलेलं लगेच जात नाही, वर दुसरं काही लिहीपर्यंत तबकडीवर राहतं, असं तिने समजावलं. जुनी डिस्क परत जोडली. दिवे लागेपर्यंत ती कुरकुरत होती आणि शिंपी मशीन बंद ठेवून ऐकत होता. चौऱ्याण्णव पत्रं निघाली. पण नावं, तारखा गळून गेल्या, उरले नुसते आकडे. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, ते तुम्हीच वाचून लावा, असं सांगून बाई गेली.

तेव्हा शिंप्याला ती वाचावी लागली. दात आल्याचं आधी, पाऊल टाकल्याचं नंतर, असं मापाने लावत गेला. आपल्या नावाचं नसलेलं वाचताना सुरुवातीला त्याला चोरट्यासारखं व्हायचं. एकात लिहिलं होतं, 'आजोबा मशीनवर बसले की मी लिहायला बसते. त्यांचे पाय थांबले की मला अक्षर सापडत नाही.' त्या दिवशी तो दुसरं पत्र उघडू शकला नाही. जेवण झाल्यावर गिऱ्हाईक नसतानाही मशीनवर बसला आणि उगीच एक चिंधी शिवत राहिला.

चौऱ्याण्णव पत्रं जुळ्यांना गेली. एक राहिलं. ते शोधावं लागलं नव्हतं; पुरं झालेलं नव्हतं म्हणून टोपलीबाहेर, पडद्यावरच पडून होतं, आणि तसंच नवीत उतरलं होतं. 'सोमवारी तुम्ही शाळेत जाल. दप्तरं आजोबांनी शिवलीत, पट्ट्याला दुहेरी टीप आहे, तरी'

तरी काय, ते शिंप्याला कळलं नाही. पुरं करायलाही त्याचं बोट धजलं नाही. अर्धवट काम टेबलावरच ठेवायचं, तसं त्याने ते ठेवलं.

शिंपीण वारली ती, जुळी शाळेत जायला लागली त्याच्या आदल्या शनिवारी, सकाळी सव्वादहाला.