किनाको उताणी झाली तेव्हा

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पेटी आहे आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझा कोणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. गोष्ट ऐकायला जवळ आलात ते ठीक, पण काचेवर बोटाने टकटक करायची नाही. टकटक करणाऱ्यांना मी चांगली ओळखून आहे.

हा संशयी स्वभाव काही जन्मापासूनचा नाही हो. ओसाकाच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात एका कारागिराने माझ्या काचा जोडल्या, डोक्यावर बारीक जाळीचं झाकण बसवलं, मला फडक्याने पुसलं आणि कौतुकाने म्हणाला, "काय उंच झालीस गं!" झाडावर राहणाऱ्या हिरव्या बेडकांसाठी मला उंच केलं होतं. तिथून मी साकाताच्या बाजारात प्राणी विकणाऱ्या एका दुकानात आले. येणारा-जाणारा आधी माझ्याकडे बघायचा, मग बेडकांकडे. फार छान दिवस होते ते.

मग दुकान बंद झालं. मला दाराबाहेर ठेवलं, माझ्यात मोडक्या छत्र्या कोंबल्या आणि अंगावर कागद डकवला, 'फुकट घेऊन जा.' फुकट! त्या दिवशी माझ्या मनात जी शंकेची पाल चुकचुकली, ती आजतागायत गप्प बसलेली नाही.

मला घेऊन गेली ओरिए. केस कापण्याचं दुकान चालवणारी, एकटी राहणारी बाई. तिने मला घासून लख्ख केलं, तेव्हाच मी म्हटलं, हिचा काहीतरी डाव आहे. बहुतेक माझ्यात शाम्पूच्या बाटल्या ठेवणार. पण तिने दुकानामागच्या चहाच्या खोलीत मला ठेवलं, तळाला नारळाचा भुसा पसरला, झाडाची साल ठेवली, चिनी मातीची पाण्याची वाटी ठेवली आणि एका डबीतून हळूच एक आठ पायांची कोळीण आत सोडली. चांगली तळहाताएवढी, केसाळ, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची. त्या पिठाला किनाको म्हणतात, म्हणून तिचंही नाव किनाको.

खरं सांगते, मला ती पहिल्याच दिवशी आवडली. कारण ती चढायची. पायांच्या टोकांनी काच धरत धरत थेट झाकणापर्यंत जायची. मला वाटलं, माझ्या उंचीवर भाळली! ओरिएकडे केस धुवायला येणाऱ्या कुवानोबाई दारातून डोकावून किंचाळल्या, "अगंबाई, ही तर भिंत चढतेय!" आणि मी गर्वाने फुगले.

एके दिवशी ती पडली. वरून सुटली ती थेट भुशावर, पाण्याच्या वाटीला अगदी चाटून. ओरिएचा चेहरा पांढराफटक. तिने ताबडतोब जिथून किनाको आणली होती त्या माणसाला फोन लावला. तो काय म्हणाला ते ती मोठ्याने परत म्हणत होती, म्हणून मलाही कळलं. "म्हणजे ही जमिनीवरची कोळीण? चढते, पण तिला उतरायचं नीट जमत नाही? आणि पोटाची कातडी इतकी पातळ की उंचावरून पडली तर फुटते?"

बघा मित्रांनो. मी सगळ्या जगावर संशय घेत होते आणि तिचा जीव घ्यायला टपली होती माझीच उंची.

ओरिएने भुशावर भुसा ओतायला सुरुवात केली. मला गळ्यापर्यंत भरलं. मला वाटलं, संपलं, आता माझी कुंडी होणार. पण तिने किनाकोच्या पसरलेल्या पायांचा अंदाज घेतला आणि त्याच्या दीडपट जागा वर मोकळी सोडली, बस्स. चिनी मातीची वाटी काढून एक उथळ, हलकी झाकणी ठेवली. आता किनाको पडली तरी मऊ भुशावर, आणि तेही वीतभर उंचीवरून. माझा तोरा गेला. पण जीव भांड्यात पडला.

तरी एक शत्रू उरलाच होता, तोही माझ्याच डोक्यावर. ती जाळी. कोळ्याच्या पायांच्या टोकाला बारीक आकडे असतात. एकदा दुपारी किनाकोचे आकडे जाळीत अडकले आणि ती उलटी लोंबकळू लागली. जितकी ओढायची तितकी अडकायची. ओरिए गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापलेले तसेच टाकून धावत आली. खालून पुठ्ठा धरून तिने किनाकोचा भार पेलला आणि भांग पाडायच्या कंगव्याच्या टोकाने एकेक आकडा सोडवला. तेव्हा मी तिच्यावरचा संशय काढून टाकला. बाकीच्यांवरचा ठेवला.

बाकीचे म्हणजे मुख्यतः तोकुझोबाबा. ओरिएचे वडील. जन्मभर फरशीवरच्या गवती चटया शिवलेला माणूस, हातांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. पहिल्याच दिवशी त्यांनी किनाकोला पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाला पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी कोळी दिसला तर शुभ. म्हणून आज सोडतो. पण संध्याकाळी दिसला ना, तर मी चप्पल काढणार हं."

"ती दिवसभर इथेच असते बाबा. कितीदा चप्पल काढाल?"

"म्हणून तर मी सकाळीच येत जाईन."

ओरिए हसली. मी हसले नाही. तेव्हापासून मी त्यांच्या चपलेवर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला. त्यांनीच जाळी काढून प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याचं नवं झाकण केलं, त्याला बारीक भोकं पाडली, एकेक भोक आतून घासलं, कडा इतक्या गुळगुळीत केल्या की झाकण एका बोटाने सरकावं. कुवानोबाईंनी वाखाणणी केली. मी म्हटलं, एवढी मेहनत कशासाठी? माणूस उगाच चांगला वागत नसतो.

तोकुझोबाबांचा एक छंद होता. घरामागे खोक्यांतून ते शिंगवाले भुंगे वाढवायचे आणि उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांना वाटायचे. आमच्याकडे हे भुंगे कोणी पाळले नाहीत असं घर सापडणार नाही, आणि एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. भुंगा उताणा पडला की त्याला स्वतःहून सरळ होता येत नाही. पाय मारून मारून थकतो आणि मरतो. म्हणून उताणा दिसला की लगेच सरळ करायचा. तोकुझोबाबा रोज उठल्यावर तोंड धुवायच्या आधी खोक्यांतून हात फिरवून उताणे पडलेले सरळ करायचे. ते त्यांच्या बोटांतच मुरलेलं होतं.

हळूहळू ते सकाळी माझ्यासमोर उशी टाकून बसायला आणि किनाकोशी बोलायला लागले. "काय गं, आज फुगून बसलीस? टोळ आवडला नाही?" मी म्हटलं, लाडीगोडी लावतोय म्हातारा. विश्वास बसला की चप्पल काढेल.

त्या हिवाळ्यात किनाकोने खाणं सोडलं. पोट काळं पडलं. ओरिएला एका दिवसासाठी निइगाताला जायचं होतं. ती वडिलांना म्हणाली, "कात टाकेल बहुतेक. खाऊ घालू नका. शेगडी तेवढी चालू ठेवा."

"कात? सापासारखी?"

"हो, तशीच," असं म्हणून ती घाईघाईने निघाली. गाडी चुकत होती.

दुसऱ्या दिवशी तोकुझोबाबा आले तेव्हा किनाकोने भुशावर जाळ्याची पातळ चादर विणली होती आणि तिच्यावर ती उताणी निजली होती. पाय वर. हळूच हलणारे.

"अगं वेडे! पडलीस ना शेवटी?"

मित्रांनो, चप्पल त्यांच्या पायातच होती. मी चपलेकडेच बघत राहिले. त्यांनी स्वयंपाकघरातून जेवायच्या काड्या आणल्या. झाकण अडकावं म्हणून मी किती जीव एकवटला! पण त्यांनीच घासलेलं झाकण ते. एका बोटाने सरकलं. बाळाची कूस बदलावी इतक्या मायेने त्यांनी तिला सरळ केलं. "हं, झालं. आता बस आरामात." मग समाधानाने चहा करून प्याले. माझ्या आत किनाको अर्धी जुन्या कातडीत, अर्धी बाहेर, तशीच आखडून बसली. ओरडायला मला तोंड असतं तर!

ओरिए दुपारी परतली. तोवर किनाको कशीबशी कातीतून सुटली होती, फिकट आणि मऊ. पुढचा एक पाय मात्र कातीतच अडकून राहिला होता. तुटून.

"बाबा, झाकण उघडलं होतं तुम्ही?"

"मग काय! उताणी पडली होती बिचारी. मी वेळेवर आलो म्हणून वाचली."

ओरिएने कातीत अडकलेल्या पायाकडे बोट दाखवलं. मग खाली बसून म्हणाली, "बाबा, ती पडली नव्हती. कात टाकताना ती मुद्दामच उताणी होते. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं."

"पण पाय हलत होते गं तिचे."

"जुन्या कातडीतून बाहेर काढत होती."

तोकुझोबाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग काड्या धुतल्या, जागेवर ठेवल्या आणि टोपी विसरून निघून गेले. त्यानंतर सकाळी कोणी यायचं बंद झालं.

मला आनंद व्हायला हवा होता. म्हाताऱ्यावर माझा संशय होताच की! पण मी पहारा दिला होता चपलेवर, आणि घात केला मायेने. रोज सकाळी ती रिकामी उशी बघून मला फार वाईट वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात किनाकोने पुन्हा खाणं सोडलं, पुन्हा चादर विणली आणि एके दुपारी उताणी झाली. ओरिएने फोन उचलला. "बाबा, झालीय उताणी. येता का?"

पलीकडून ते इतक्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आलं. "मी? मला कशाला बोलावतेस? वेडी झालीस का?"

"मला गिऱ्हाईक आहे. कोणीतरी जवळ बसायला हवं. काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

ते आले. माझ्यासमोर उशीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. किनाकोचे पाय हलू लागले. जुनी कात फाटली. एकदा ती अगदीच थांबली, आणि म्हाताऱ्याचे खांदे पुढे झुकले. ते हातांवर आणखी जोर देऊन बसले.

केस वाळवायच्या खुर्चीतून कुवानोबाईंनी विचारलं, "अहो, हात का दाबून बसलात? थंडी वाजतेय?"

"गप्प बसा हो, कुवानोबाई. हे दोघं माझं ऐकत नाहीत, म्हणून डांबून ठेवलेत."

दुकान बंद झालं. ओरिए येऊन शेजारी बसली. बऱ्याच वेळाने किनाकोने अंग झटकलं, पाय गोळा केले आणि कोणाच्याही मदतीशिवाय सरळ झाली. ओरिएने बोट न लावता पाय मोजले. आठ! गेलेल्या जागी नवा पाय आला होता, काडीसारखा बारीक, पण आला होता.

तोकुझोबाबांचे हात पार बधिर झाले होते. डोळे पुसायलाही वर येईनात. ओरिएनेच बाहीने पुसले आणि म्हणाली, "बाबा, बाहेर संध्याकाळ झाली. चप्पल आणू का?"

"आण," ते म्हणाले, "घरी जाताना घालायला. आणि उद्या सकाळी चहा टाक."

तर मित्रांनो, कोणी तुमच्या घरात काचेआड राहत असेल, तर त्याला किती उंची लागते ते आधी विचारा, झाकणाला जाळी असेल तर काढा, आणि टकटक करू नका. आणि कधी तो उताणा दिसला, तुमच्या काळजात कालवाकालव झाली, हात आपोआप पुढे गेला, तर त्या हातावर माझ्यासारखाच संशय घ्या. तो चांगला हात असेल, तर थोडा वेळ त्याच्यावर बसा.