सातपुड्याकडची जागा

नकाशा जमिनीवर अंथरायचा असतो, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांच्या शिपायानं मावळतीच्या भिंतीत खिळा ठोकला आणि वऱ्हाड-नागपूरचा नकाशा त्यावर टांगला. भिंतीची थोडी माती झडली. मी तोंड मिटलं.

नांदगाव पेठेच्या माझ्या शाळेत तेव्हा अकरा मुलं उरली होती. अमेरिकेत कुठेतरी लढाई चालली होती, त्यामुळे इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. वेचणीला हात पुरत नव्हते. बाकीची मुलं वावरात होती. साहेब वर्षातून एकदा परीक्षेला येत. या खेपेला एका मुलाला ते अमरावतीच्या मोठ्या शाळेसाठी निवडणार होते. तो सूर्यभान असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

सूर्यभान नत्थुजी माळ्याचा मुलगा. नत्थुजीनं वांग्यांची वाडी मोडून तिथंही कापूस लावला होता. मला त्यानं एकदाच बजावलं होतं, "साहेबानं घेतलं त जाऊ द्या अमरावतीले. नाही घेतलं त माह्या गाडीवर येईन तो. मंग शायेचं नाव काढू नोका."

नकाशा शाळेत आला तेव्हा तो मलाच नीट उमगत नव्हता. भिंतीला धरून पाहिला की सातपुडा छताकडे जाई. एके दिवशी तो ओसरीवर अंथरला, त्यातला सातपुडा खऱ्या सातपुड्याकडे केला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि सगळं जागेवर बसलं. पेठेवरून बोट अकोल्याकडे नेलं आणि तसंच पुढं नेत राहिलं, तर खरं अकोला तिकडेच. मुलं चारी बाजूंनी बसत. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. म्हणून ती बरोबर असेल याची मला कधी खात्री वाटली नाही.

सूर्यभान बैलांना पाणी पाजून उशिरा येई. त्याच्या वाट्याला सातपुड्याकडची जागा येई. तिथून सगळी अक्षरं उलटी दिसत. तो ती उलटीच वाचायला शिकला.

पाटलाचा उत्तम समोरच्या बाजूला बसे. त्याला अक्षरं सरळ दिसत. साहेबांनी विचारताच त्यानं भिंतीवर अकोला झटकन दाखवलं. मग सूर्यभानला बोलावलं.

"नागपूर दाखव."

सूर्यभाननं नकाशाकडे पाहिलं. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. शेवटी नकाशाकडे पाठ करून त्यानं दाराबाहेर, उगवतीकडे हात केला.

"तिकडं."

"दारात नाही. नकाशात दाखव."

"तुमी नकाशा उभा केला ना, साहेब. सातपुडा आभायात गेला. आता नागपूर कुठं धरू?"

शिपाई हसला. मुलं हसली, म्हणून सूर्यभानही थोडा हसला.

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, वरची बाजू म्हणजे उत्तर, एवढंही शिकवलं नाहीत?"

खाली अंथरून विचारा, साहेब. शब्द जिभेवर होते. पण साहेब पुण्याला शिकलेले. माझीच रीत खोटी निघाली तर?

"जी, राहून गेलं," मी म्हणालो.

सूर्यभाननं माझ्याकडे पाहिलं. राहून काहीच गेलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. साहेबांनी अमरावतीसाठी उत्तमचं नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी मी नत्थुजीच्या घरी गेलो. तो गाडीत कापूस भरून दोर आवळत होता.

"पोट्टं ढ हाये काय, मास्तर? खरं सांगा."

"नाही. चूक माझी. नकाशा खाली असता तर त्यानं बरोबर सांगितलं असतं. मी साहेबांना तसं बोललो नाही."

"काहून?"

मी दोराचं दुसरं टोक धरलं. नत्थुजीनं गाठ मारली.

"साहेब काय खाऊन राहिला होता तुमाले?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता मले सांगून काय? मी थोडीच घेतो शायेत."

सकाळी गाडी खामगावच्या बाजाराला निघाली. सूर्यभान कापसावर बसला होता. गाडी माझ्याजवळून गेली तेव्हा त्यानं बैलांच्या पाठीवरून हात लांबवला.

"खामगाव तिकडं. बराबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

शाळेत साहेबांचा शेरा लिहिलेला होता : नकाशा भिंतीवरच असावा. मी नकाशा खिळ्यावरून काढला आणि ओसरीवर अंथरला. मुलं तीन बाजूंनी बसली. चौथ्या, सातपुड्याकडच्या बाजूला कोणी जाईना, म्हणून तिथं मी बसलो. एका मुलानं नांदगाव पेठेवर सरकी ठेवली. "हे सूर्यभानची गाडी," तो म्हणाला. मग रोज ती सरकी पुढे सरकू लागली. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर.

सहाव्या दिवशी तोच मुलगा म्हणाला, "मास्तर, आज अकोल्यावर ठेवू ना? तुमीच दाखवा."

हात करून दिशा दाखवता आली असती. पण मला ते नाव तिथून, त्या बाजूनं वाचायचं होतं. मी वाकलो. उलटा 'अ' सापडायला मला बराच वेळ लागला. मुलं थांबली होती.